फॅमिली पार्कात विडंबनाचे टी-शर्ट: चालतात का? (पुतण्याला गेटवर शर्ट उलटा करायला लावला)

फेटेवाला_उंदीर | रविवार, रात्री १०:१२

मंडळी, राजारामपुरीत माझं टी-शर्ट छापायचं दुकान आहे हे इथल्या जुन्यांना माहीत आहे. मागच्या आठवड्यात घरचे सतरा जण ट्रॅव्हलर करून एका मोठ्या थीम पार्कला गेलो. कुठलं ते सांगत नाही, उगाच बदनामी नको. पहाटे चारला निघालो, किणी नाका ओलांडेपर्यंत निम्मे झोपलेले आणि कराडला चहा.

सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट मीच छापले होते. जगप्रसिद्ध उंदीरमामा, डोक्यावर कोल्हापुरी फेटा, मिशीला पीळ, एका हातात मिसळीची वाटी, खाली 'जगात भारी'. आमच्या आईनं पण घातला, पातळावरून. सगळ्यांना आवडला. गेटवरच्या सिक्युरिटीच्या पोरानं तर त्याचा फोटो काढून घेतला.

भानगड झाली पुतण्याची. वय एकोणीस, इंजिनिअरिंगला. त्यानं माझ्याच दुकानात, मला न विचारता, स्वतःसाठी वेगळा टी-शर्ट काढला होता. ते मध खाणारं गोड पिवळं अस्वल असतंय की, तेच. पण डोळे लाल, हातात मधाच्या बरणीऐवजी बाटली, जीभ बाहेर आणि खाली 'आज ड्राय डे न्हाई'. वर जर्किन घातलं होतं, त्यामुळं गाडीत कुणालाच दिसला नाही. गेटवर तपासणीला जर्किन काढलं आणि सिक्युरिटीच्या बाई म्हणाल्या, "हा घालून आत सोडता येणार नाही. उलटा करून घाला, नाहीतर आतल्या दुकानातून दुसरा घ्या." आतल्या दुकानातल्या टी-शर्टाची किंमत बघून काका म्हणून मला घाम फुटला. पोरगं बाथरूममध्ये जाऊन शर्ट उलटा करून आलं. दिवसभर शिवण बाहेर आणि लेबल गळ्याखाली.

माझं दुखणं वेगळंच आहे. आमच्या पुढंच एक बाप्या मधलं बोट दाखवणाऱ्या हाताचं चित्र छातीवर घेऊन आरामात आत गेला. त्याला कुणी अडवलं नाही. मग नियम नेमका कशाला आहे? विडंबनाला, दारूला, की कोल्हापूरच्या नंबर प्लेटला?

तुम्हाला काय वाटतं? पुतण्या चुकला का गेट चुकलं?

---

तांबडा_पांढरा | रात्री १०:२५

भावा, दोन्ही. पण आधी ते फेट्याचं डिझाइन टाक की इथं. मला पाच पाहिजेत, डबल एक्सेल.

---

कळंब्याची_काकू | रात्री १०:४१

स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुमच्या पुतण्याला शर्ट उलटा करायला लावला ते बरं केलं. आम्ही लेकरांना घेऊन जातो ते काय बाटलीवाली अस्वलं बघायला? तो बोट दाखवणारा सुटला ही त्या बाईंची चूक. म्हणून तुमचा सुटायला पाहिजे होता असं होत नाही. शेजारचा सिग्नल तोडून गेला म्हणून मी पण तोडणार, असं दाभोळकर कॉर्नरला रोज ऐकते.

---

खासबाग_कट्टा | रात्री ११:०३

काकू, जरा दमानं. विडंबन हे आपल्या मातीतलं आहे. तमाशात सोंगाड्या राजाची उतरवायचा, गवळणीतली मावशी म्हणजे पदर घेतलेला बाप्याच. गणपतीच्या देखाव्यात आपण कुणाला सोडलंय? आणि शिमग्याला तर काय बोलायलाच नको. कोल्हापूरच्या माणसाला चेष्टा कळत नसेल तर कुणाला कळणार? अस्वलाच्या हातात बाटली दिली म्हणून काय आभाळ कोसळलं?

---

कळंब्याची_काकू | रात्री ११:१०

तमाशाला घरच्या बायका-पोरांना नेत होतात का हो तुम्ही? नव्हता नेत. तंबूत कोण बसलंय हे सोंगाड्याला ठाऊक असायचं. त्या मापानंच तो बोलायचा.

---

खासबाग_कट्टा | रात्री ११:१२

… एक गुण काकूंना.

---

ऑरलँडोचा_पावणा | सोमवार, सकाळी ७:३०

मी मूळचा शाहूपुरीचा, आता बारा वर्षं फ्लोरिडात. इथं हा विषय रोजचाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिस्नेच्या इथल्या पार्कात दोन गोष्टी वेगळ्या धरतात आणि आपल्या चर्चेत त्या एकत्र झाल्यात. एक म्हणजे टी-शर्टवरचं चित्र आणि मजकूर. त्याला नियम साधा: अश्लील, शिवराळ किंवा आक्षेपार्ह काही असेल तर आत सोडायचं की नाही हे तेच ठरवणार. अंगावर गोंदवलेलं असलं तरी तोच नियम. दुसरी गोष्ट म्हणजे वेश. चौदा वर्षं आणि त्यापुढच्या माणसाला एरवी पात्राचा वेश घालून येता येत नाही, मुखवटा तर नाहीच. लहान पोरांना वेश चालतो. हॅलोविनच्या वेगळ्या तिकिटाच्या रात्री मोठ्यांनाही मुभा असते, पण तेव्हाही मोठ्यांनी तोंडावर मुखवटा नको, जमिनीवर लोळणारा झगा नको, खऱ्यासारखं दिसणारं हत्यार नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं: वेश घातलेल्या पाहुण्यानं दुसऱ्यांसोबत पात्र म्हणून फोटोला उभं राहायचं नाही आणि सह्या द्यायच्या नाहीत. टोकियोच्या पार्कातही मोठ्यांच्या पूर्ण वेशाला मुभा हॅलोविनच्या ठरावीक दिवसांतच.

यातून लोकांनी पळवाट काढलीच. पात्राचा पोशाख घालायचा नाही, पण आपल्या रोजच्या कपड्यांत त्याचे रंग जुळवायचे. लाल चड्डी, पिवळे बूट, काळा शर्ट, झालं. बघणाऱ्याला कळतं आणि गेटला हरकत घेता येत नाही.

आता गंमत सांगतो. तीन वर्षांपूर्वी आई आली होती. हट्टानं नऊवारी नेसून आली, नाकात नथ, गळ्यात कोल्हापुरी साज. किल्ल्यासमोर आम्ही आइस्क्रीम खात उभे होतो. पाच-सहा वर्षांची एक गोरी पोरगी गुलाबी सह्यांची वही घेऊन आली आणि आईसमोर उभी राहिली. आईला वाटलं काहीतरी अर्ज आहे. तिनं चष्मा लावला आणि झोकात मराठीत सही केली, वर 'चि. हिस अनेक आशीर्वाद' असंही लिहिलं. माझ्या पोटात गोळा! म्हटलं आता गार्ड येतोय आणि आईला तोतया राजकुमारी म्हणून बाहेर काढतोय. कुणी आलं नाही. पोरगी उड्या मारत गेली. तिच्या वहीत आजही कुठल्यातरी अनोळखी राणीची सही आहे.

नऊवारी हा वेश नव्हे, कपडा आहे, हे कळायला नियम वाचून भागत नाही. गेटवरच्या माणसाचं डोकं ठिकाणावर असावं लागतं. बोटवाला सुटतो आणि अस्वलवाला अडकतो ते यामुळंच. एका लाईनला कडक बाई, दुसऱ्या लाईनला जांभया देणारा पोरगा.

---

मिसळीनंतर_बोलू | सकाळी ८:०५

पावण्यांच्या आईची सही 😂😂 आजचा दिवस सार्थकी लागला.

---

जुना_राजारामियन | सकाळी ९:२०

पावणे छान लिहिलंत. त्यात एक जुनी गोष्ट जोडतो, म्हणजे कपड्यावरून अडवणं आजचं नव्हे हे कळेल. कॅलिफोर्नियातलं मूळ पार्क १९५५ च्या जुलैत उघडलं. साठच्या दशकात तिथं लांब केस वाढवलेल्या तरुणांना गेटवरूनच परत पाठवायचे. कपडे कितीही नीट असोत, केस मानेवर आले की चालू लागा. त्याचा राग साचत गेला. ६ ऑगस्ट १९७० ला यिप्पी म्हणवणारी काहीशे पोरं ठरवून आत शिरली, व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात घोषणा दिल्या, बेटावरच्या किल्ल्यावर झेंडा लावला. पोलीस आले, धरपकड झाली आणि पार्क वेळेआधीच बंद करावं लागलं.

सांगायचं कारण, 'कुटुंबाला शोभेल असं' याची व्याख्या दर वीस वर्षांनी बदलते. तेव्हा केस शोभत नव्हते. आज बापाची वेणी बघून कुणी मान वळवत नाही. कॉलेजात असताना आमच्या बेलबॉटमला घरच्यांनी काय काय नावं ठेवली होती ते इथं लिहिण्यासारखं नाही.

---

काळा_कोट | दुपारी १:४५

२०२५ च्या ऑगस्टात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यापासून फुकट सल्ल्याला वेळ उरलेला नाही. तरी प्रिंटरसाहेबांसाठी जेवणाच्या सुट्टीत लिहितोय.

पहिली गोष्ट, गेट आणि कायदा या वेगळ्या खोल्या आहेत. पार्क खाजगी जागा आहे, तिकिटामागच्या बारीक अक्षरात 'प्रवेशाचे हक्क राखून' असतंच. जात-धर्मावरून अडवलं तर गोष्ट निराळी, पण टी-शर्टवरच्या बाटलीवरून अडवलं म्हणून ग्राहक आयोगात फार काही हाती लागेल असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट फेटेवाल्यांनी नीट वाचावी, कारण पुतण्यापेक्षा तुमचा उंदीर जास्त अडचणीचा आहे. घरच्या सतरा जणांसाठी छापलं ते एक. तांबडा_पांढरा यांना पाच विकले की ते दुसरं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ खाली खाजगी वापर, टीका, समीक्षा यांना सूट आहे, पण 'विडंबन' हा शब्दच तिथं नाही. ते टीकेच्या छत्रीखाली बसवावं लागतं, आणि फेटा घालून मिसळ खाणं ही उंदरावरची टीका आहे हे न्यायाधीशांना पटवायला मला जरा जड जाईल.

'पण तो उंदीर आता फुकट झाला ना?' हे कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. १९२८ च्या पहिल्या बोलपटातलं त्याचं काळं-पांढरं रूप अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून सगळ्यांचं झालं.  नंतरच्या सिनेमांतून बदलत गेलेलं गुबगुबीत रंगीत रूप त्यात येत नाही, आणि ट्रेडमार्क तर वेगळाच, तो वापरात आहे तोवर चालतो.

आता विडंबनाच्या बाजूनंही एक सांगतो, नाहीतर खासबागवाले रुसतील. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर टाटा विरुद्ध ग्रीनपीस असं प्रकरण होतं. ओडिशातल्या धामरा बंदरामुळं कासवांना धोका आहे असं सांगायला ग्रीनपीसनं एक खेळ काढला होता. त्यात कासवाच्या मागं लागणाऱ्या राक्षसांवर टाटांचं चिन्ह होतं. टाटांनी तो थांबवायला मनाई मागितली. न्यायालयानं ती अंतरिम मनाई दिली नाही. कारण तिथं चिन्ह वापरून कुणी माल विकत नव्हतं, एका कंपनीच्या कामावर बोट ठेवत होतं. उलट २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात व्हिस्कीच्या बाटलीसारखं दिसणारं कुत्र्याचं खेळणं विकणाऱ्याला असा आडोसा सहज मिळाला नाही, कारण ती चेष्टाच त्याच्या मालाची ओळख म्हणून वापरली होती. चेष्टा करा. चेष्टेचं दुकान टाकलंत की मग मला भेटा, फी घेईन.

---

तांबडा_पांढरा | दुपारी १:५०

माझी पाचाची ऑर्डर मी मागं घेतो, वकीलसाहेब. मला मैत्रीत भेट मिळतील. 😇

---

शाहू_स्टेडियम_स्टँड | दुपारी २:३०

आमच्याकडं हा प्रश्न दर फुटबॉल हंगामाला येतो. पेठेच्या पोरांनी विरोधी तालमीच्या संघाच्या निशाणीचं विडंबन करून टी-शर्ट काढला की मॅचच्या दिवशी स्टँडमध्ये धमाल. आरडाओरडा, शिट्ट्या, आमचं निशाण मोठं का तुमचं. तोच शर्ट घालून पोरगं दुसऱ्या दिवशी त्याच पेठेतल्या मामाच्या घरी जेवायला गेलं तर मामी दारातच हात कमरेवर ठेवून उभी. शर्ट तोच. स्टँड आणि उंबरा वेगळा.

---

बाहेरगावची_सून | दुपारी ४:१५

मी नागपूरची, सात वर्षांपूर्वी कोल्हापुरात दिली. एक शंका. अंबाबाईच्या देवळात २०२५ ला देवस्थान समितीनं कपड्यांचा नियम लावला तेव्हा इथलेच लोक 'हो, पाहिजेच' म्हणत होते. मग पार्कानं लावला की राग का?

---

खासबाग_कट्टा | दुपारी ४:२२

वहिनी, देवळात देव आहे. पार्कात तिकीट आहे.

---

बाहेरगावची_सून | दुपारी ४:३०

लहान लेकराला दोन्हीकडं देवच दिसतो भाऊ. माझी मुलगी त्या उंदराला बघून हात जोडते, मी काय करू!

---

ससा_होतो_मी | रात्री ९:५०

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहावंच लागेल. कारण या विषयात मी आतून बोलू शकतो. खरंच आतून.

कॉलेजला असताना चार वर्षं मी बर्थडे पार्ट्यांना ससा व्हायचो. कधी अस्वल, कधी तुमचा तो उंदीर, आणि हो, तो पण परवानगीशिवायचाच, वकीलसाहेब. एका संध्याकाळचे पाचशे रुपये आणि जेवण. ड्रेस म्हणजे बाहेरून फरचं कापड, आत स्पंज, डोकं फायबरचं. तोंडाच्या जाळीतून जेवढं दिसेल तेवढंच जग. मे महिन्यात एकदा रंकाळ्याजवळच्या एका हॉलमध्ये पाऊण तासात बनियन पिळून काढावं लागलं. त्या डोक्याला आतून जो वास असतो तो आजही कुठंतरी आला की मी सावध होतो. पोरं पोटात गुद्दे मारतात, शेपूट ओढतात, आणि त्यांचे बाप व्हिडिओ काढतात.

आमच्या मालकाचे दोनच नियम होते. ड्रेसमध्ये बोलायचं नाही. आणि पोरांसमोर डोकं काढायचं नाही, मेलास तरी. पहिला नियम कळत होता, आवाजानं पितळ उघडं पडतं. दुसरा मला नाटकी वाटायचा.

एकदा उकाड्यानं जीव कासावीस झाला म्हणून हॉलच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ गेलो आणि डोकं काढलं. पाणी पितोय तोवर समोर साडेतीन-चार वर्षांचा पोरगा. हातात केकची प्लेट. मघाशी त्यानंच माझ्या जाळीत चॉकलेट कोंबलं होतं, सशाला भूक लागली असेल म्हणून. तो माझ्याकडं बघतोय, मग खाली पडलेल्या सशाच्या डोक्याकडं, परत माझ्याकडं. आणि एकदम ओरडत पळाला, "आई, त्या माणसानं सशाला खाल्लं!"

हसा, मी पण आता हसतो. त्या दिवशी नाही हसलो. पोरगं त्यानंतर केकलाही आलं नाही. आईच्या पदरात तोंड खुपसून बसलं होतं. मी परत डोकं चढवून गेलो तर आणखी मोठ्यानं रडलं.

तेव्हापासून माझं मत असं आहे. फेट्यातला उंदीर बघून चार वर्षांचं पोर म्हणतं, 'उंदीर आमच्या आजोबांसारखा झालाय.' त्याचा उंदीर शाबूत राहतो, वर फेटा मिळतो. बाटलीवालं अस्वल बघून त्याला 'ड्राय डे'चा विनोद कळत नाही, वाचताच येत नाही. त्याला फक्त दिसतं की माझ्या अस्वलाला काहीतरी झालंय. तुमची गंमत अक्षरात आहे, त्याचं भय चित्रात.

आणि टी-शर्टपेक्षा पूर्ण ड्रेस शंभरपट जपायला पाहिजे. टी-शर्टच्या वर तुमचं स्वतःचं तोंड असतं. ड्रेसमध्ये पात्राचंच असतं. आजकाल पोरं असले ड्रेस भाड्यानं आणून चौपाटीवर रीलसाठी कंबर हलवतात. बघणारी मोठी माणसं हसतात, कडेला कणीस खाणारं पोर घास तोंडात धरून बघत राहतं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये असल्याच परवानगीशिवायच्या पात्रांच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१६ मध्ये त्यांना रंगवलेल्या चौकटीत उभं राहायला लावलं.

आमचे आजोबा बहुरूप्याचं सांगायचे. पोलीस होऊन यायचा, दारात दरडवायचा, घरची पोरं माजघरात लपायची. पण जाताना टोपी काढून, हसून, बिदागी मागायचा आणि लपलेल्या पोरांना बाहेर बोलवायचा. सोंग कुठं संपलं ते पोरांना दाखवून मगच पुढचं घर. मी टाकीमागं तेवढंच चुकलो होतो. सोंग उतरवलं, पण समजवायला कुणी नव्हतं.

---

मिसळीनंतर_बोलू | रात्री १०:०१

'त्या माणसानं सशाला खाल्लं'. दादा, बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती आधी हसली, मग गप्प बसली.

---

कळंब्याची_काकू | रात्री १०:०८

ससेदादा, माझ्याच मनातलं, पण मला असं सांगता आलं नसतं. घरी या एकदा, थालीपीठ खायला.

---

ठिकाणा_नाही | रात्री १०:३०

सगळे लेकरांच्या नावानं गळे काढताय. त्याच पार्कात भूतबंगला असतो, रक्त-कवट्या असतात, त्याला कुणी उलटं करत नाही. आतल्या दुकानात आठशे-हजाराचा टी-शर्ट खपवायचा हा सगळा डाव आहे.

---

ऑरलँडोचा_पावणा | मंगळवार, सकाळी ६:५०

भूतबंगल्याच्या दारावर उंचीची नाहीतर वयाची पाटी असते आणि आत जायचं की नाही हे आई-बाप ठरवतात. पुतण्याची छाती रांगेत सगळ्यांसमोर, पाटी नाही, दार नाही. दुकानाचं मात्र खरं. इकडं पण तेच. गेटवर शर्ट उलटा करायला लावणं त्यातल्या त्यात स्वस्त पडलं म्हणायचं.

---

जुना_राजारामियन | सकाळी ८:४०

आणि विडंबनकारांनी मुद्दाम पोरांच्या पात्राला गाठायचं यालाही जुनी परंपरा आहे बरं. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही तरुण चित्रकारांनी याच उंदराला नशापाणी आणि नको ते उद्योग करताना दाखवणारी चित्रकथा काढली, मोठ्यांसाठी. खटला झाला, १९७८ मध्ये वरच्या न्यायालयात ते हरले. चेष्टेसाठी लागतं त्यापेक्षा जास्त, जवळजवळ जसंच्या तसं चित्र उचललंत, असं न्यायालयाचं म्हणणं. पण त्यांनी ते पुस्तक पाळण्यापाशी नेऊन ठेवलं नव्हतं हेही ध्यानात घ्या.

---

झिपलाइन_नको | सकाळी १०:१५

विषय कपड्यांचाच आहे म्हणून एक कामाचं. चित्र कसलंही असू दे, वॉटर पार्कात सुती टी-शर्ट छापून नेऊ नका. लाटांच्या तलावात नायलॉन, लायक्राच घालायला लावतात. सुती कपड्याचा धागा-लव सुटते, फिल्टरला त्रास, शिवाय भिजला की अंगावर जड होतो. आणि ताई-वहिनींनो, गो-कार्टला ओढणी, मोकळी वेणी अजिबात नको. चाकात ओढणी गुंतून जीव गेलेत. फेटा पण रोलर कोस्टरच्या आधी उतरवा. गेटवर खरी कडक तपासणी असेल तर ती याची असावी.

---

फेटेवाला_उंदीर | रात्री ९:१५

सगळं वाचलं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा सशाचा प्रतिसाद दोनदा वाचला.

आता एक कबूल करतो, पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं. गेटवर पुतण्यानं जर्किन काढलं तेव्हा बहिणीची पोरगी, सव्वाचार वर्षांची, माझ्या कडेवर होती. तिच्याकडं तेच अस्वल आहे, एका कानाची शिवण उसवलेलं, त्याच्याशिवाय झोपत नाही. तिनं शर्टाकडं बोट केलं आणि मला विचारलं, "मामा, त्याला ताप आलाय काय?" मी म्हटलं, "व्हय, जरा आलाय." ती म्हणाली, "मग त्याला घरी का नाही ठेवलं?" तेवढ्यात सिक्युरिटीच्या बाई बोलल्या आणि मी त्यांच्याशी भांडायला लागलो. भांडणाच्या भरात ते मागं पडलं. खरं म्हणजे मी मुद्दाम मागं टाकलं. गाडीत परत येताना ती उसवलेल्या अस्वलाच्या कपाळाला हात लावून बघत होती.

त्या बाईंवर आवाज चढवला याचं वाईट वाटतंय. बोटवाल्याचा राग अजून आहे, तो जाणार नाही.

वकीलसाहेब, फेट्याच्या उंदराचे विक्रीचे बोर्ड उतरवले. त्याऐवजी माझा स्वतःचा उंदीर काढतोय, शेपटीला गोंडा, पायात कापशी चप्पल. कान गोल ठेवणार नाही. तांबडा_पांढरा, तुझे पाच यातले.

पुतण्याला हा धागा पाठवला होता. तो म्हणतो, "काका, मित्रांच्या पार्टीला तरी घालू दे." म्हटलं घाल की, तिथं कुणाचं अस्वल आजारी पडत नाही. पण एक अडचण आहे: दिवसभर उलटा घालून, पाण्याच्या राइडवर भिजून, त्या प्रिंटला भेगा गेल्यात. डीटीएफ आहे, म्हणजे फिल्मवरून हीट प्रेसनं कापडावर उतरवलेलं. कुणाला उपाय माहिताय?

---

झिपलाइन_नको | रात्री ९:२०

तुमचंच दुकान आणि आम्हाला विचारताय?

---

फेटेवाला_उंदीर | रात्री ९:२२

मी छापतो, धुवायचं खातं बायकोकडं. ती म्हणते या शर्टाला मी हात लावणार नाही.

---

बाहेरगावची_सून | रात्री ९:४०

वर बटर पेपर ठेवून परत एकदा हीट प्रेस मारा, बारीक भेगा बसतात. नंतर कोमट नको, गार पाणी. ब्रश नको, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. आणि धुताना उलटा करूनच टाका.

---

तांबडा_पांढरा | रात्री ९:४१

त्याची सवय झालीय त्या शर्टाला 😄